कातरणाऱ्यांची कवयित्री

१९६१ च्या ऑक्टोबरातला रविवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. इस्ला ट्रेगेन्झा आदल्या संध्याकाळी स्वतःच कापून टांगलेला मेंढा उतरवून लाकडी ठोकळ्यावर फोडत होती. आधी कणा उभा चिरायचा, मग बरगड्या सुट्या करायच्या. विराबिल्लाच्या लोकरशेडवर मेंढ्यांची लोकर कातरणारी पंचवीसेक माणसं जेवायला होती, आणि मटणाशिवायच्या जेवणाला ती जेवण म्हणत नसत.

तिच्या हाताखालची नोरीन डेसी, कातरणाऱ्या मर्वची बायको, उशिरा आली. वय तेवीस. डाव्या कानाची पाळी खालून फाटली होती, रक्त मानेवर वाळलं होतं.

"पडलीस?" इस्लानं मान वर न करता विचारलं.

"हो."

"नेमकी कानावर?"

नोरीननं बादली खाली ठेवली. "बाई, इथलं काम संपलं की मर्व मला नदीपलीकडच्या झोपडीत नेऊन ठेवणार आहे. तिथं शेजार नाही. म्हणतो, तिथं तू ओरडलीस तर कावळे ऐकतील."

"जाऊ नकोस."

"मग राहू कुठं? तुमच्या तंबूत? तुमची भाकरीच त्यांच्या मतावर. मर्वनं टोपी फिरवली की तुम्हीही उद्या रस्त्यावर."

हे खरं होतं. कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाकी मालक ठेवत नाही, टोळी ठेवते. कोणीही मत मागू शकतो. टोपी फिरते, प्रत्येक जण काडेपेटीतली एक काडी टाकतो. अख्खी काडी म्हणजे राहू दे, मोडलेली म्हणजे हाकला. आणि मर्व डेसी या शेडचा पहिला हात होता, दिवसाला दोनशे मेंढ्यांची लोकर उतरवणारा. त्याच्या शब्दाला वजन होतं.

इस्ला तेव्हा चोपन्न वर्षांची होती. बाप खाणीत दरडीखाली सापडला आणि ताडपत्रीत गुंडाळून घरी आला, तेव्हा ती नऊ वर्षांची. त्याच्या मातीला एका खाणकऱ्यानं पद्य म्हटलं, ते तिला एकदा ऐकून पाठ झालं. विसाव्या वर्षी लग्न झालं. नवऱ्यानं तिचा डावा तळवा तापलेल्या चुलीच्या पत्र्यावर दाबून धरला, त्या दिवशी ती जळल्या हातानिशी घराबाहेर पडली ती थेट शेडवर. बाई येताना दिसली की तिथं "तळ्यात बदकं!" अशी हाळी उठते आणि सगळ्यांच्या शिव्या बंद होतात. इस्ला आली की मात्र कोणी हाळी देत नसे. तिच्या शिव्या त्यांच्यापेक्षा सरस होत्या.

तिनं एक ओळही कधी कागदावर लिहिली नाही. कणीक तिंबताना कडवी जुळवायची आणि रविवारी दुपारच्या जेवणावर म्हणायची. सगळी रक्तानं माखलेली. यंत्राच्या पट्ट्यात गेलेला दंड, सापळ्यात स्वतःचा पाय कुरतडणारी डिंगो कुत्री, लोकर दाबायच्या चौकटीला लटकलेला मुकादम. माणसं ताटं बडवून दाद द्यायची आणि पुढच्या शेडवर तीच कडवी घेऊन जायची. तीस वर्षांत मार खाणारी बाई मात्र तिच्या एकाही कडव्यात आली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, "ते ऐकेपर्यंत तुमचं जेवण गार होईल."

त्या दुपारी मटण संपत आलं आणि टोळीचा पुढारी म्हातारा क्लॅरी व्हीच ओरडला, "इस्ला, होऊन जाऊ दे. कोणाचा तरी खून पाड!"

"आज नाव घेऊन म्हणते," ती म्हणाली.

माणसं खूश झाली. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून ऐकायचं आणि उत्तर द्यायचं तर पद्यातच, हा नियम होता.

"मर्व डेसी, ऊठ."

मर्व हसत उठला. "माझ्या हाताचं कौतुक कर हं, बाई."

"त्याचंच आहे." इस्लानं एप्रनला हात पुसले.

*"मर्व डेसीचा हात सफाईचा, मेंढीला ओरखडा नाही,*
*दोनशे उतरवतो दिवसाला, रक्ताचा थेंब नाही.*
*घरच्या मेंढीला खूर नाहीत, तिला लाथ झाडता येत नाही,*
*तिची कातडी सोलताना हा डांबर मागत नाही."*

कोणी हसलं नाही. शेडमध्ये लोकर कातरताना मेंढीची कातडी कापली गेली की कातरणाऱ्यानं सगळ्यांदेखत "डांबर!" म्हणून ओरडायचं, मग जखमेवर डांबर फासतात. कापून गप्प बसणाऱ्याला तिथं सगळ्यात हलका समजतात. टेबलाच्या टोकाला कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "डांबर." मग दुसरा. मग मुठी आपटायला लागल्या. "डांबर! डांबर!"

"काय सांगितलंस गं हिला?" मर्व नोरीनकडे वळला. वाटेत इस्ला आली. त्यानं लोखंडी पळी उचलून तिच्या तोंडावर मारली. दोन दात पडले. त्यानं नोरीनचा गळा डाव्या हातानं धरला, उजव्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. माणसं बाकावरून उठेपर्यंत इस्लानं हाडं सोडवायची सुरी घेतली होती. तिनं ती, नोरीनचं डोकं निसटल्यावर टेबलावर आदळलेल्या त्याच्या उजव्या पंजातून आरपार घातली. सुरी लाकडात रुतली. ती उपटायला दोघे जण लागले, आणि तेवढा वेळ मर्व गुरासारखा ओरडत होता.

टॉवेल लाल झाला, दुसरा गुंडाळला, तोही झाला. टपालाचा ट्रक अंगणातच उभा होता. मर्वला त्यात चढवलं. तो दात खाऊन म्हणाला, "मत घ्या! तिनं कातरणाऱ्याचा हात निकामी केलाय. ती गेली पाहिजे, आणि माझी बायको माझ्याबरोबर येणार."

पहिली गोष्ट नियमात बसत होती. क्लॅरीनं टोपी काढली.

"हात म्हणजे पोट असतं, गड्या," एक जण काडी मोडत म्हणाला. "आज त्याचा, उद्या माझा."

"तू बायकोला कापतोस का?"

"नाही."

"मग तुझ्या हाताला काय होतंय?"

नोरीन स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला फडकं धरून बसली होती. इस्ला रक्त थुंकत होती. ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं.

ते कडवं पुढं नदीकाठच्या प्रत्येक शेडवर पोचलं. डेसीचा पंजा नंतर मिटेनासाच झाला. कुंपणाच्या कामावर गेला तरी तारा ओढणारे गडी त्याच्या पाठीमागे "डांबर" म्हणायचे. इस्लाचं कोणतंही पुस्तक निघालं नाही. आजही त्या भागात बायकोवर हात टाकणाऱ्याला हाच एक शब्द ऐकवतात, तो शब्द आला कुठून हे बहुतेकांना माहीत नाही.

त्या दुपारी टोपी फिरून आली, तेव्हा क्लॅरीनं काड्या टेबलावर ओतल्या आणि दोन ढीग केले. एक काडी अर्धवट मोडली होती, सालपटानं लटकत होती. त्यानं ती उजेडात धरली.

"ही कोणाची? मोडायची तर नीट मोडायची होती." कोणी हात वर केला नाही. "मग अख्खी धरतो."

अख्ख्यांचा ढीग एका काडीनं मोठा झाला.

"बाई राहते. पोरगी तिच्या हाताखाली आहे, तीही राहते," क्लॅरी ट्रकजवळ जाऊन मर्वला म्हणाला. "जा आता. रक्त गाडीवर सांडतंय."

इस्लानं सुजलेल्या तोंडानं विचारलं, "रात्रीला थंड मटण चालेल ना?"

"चालेल, बाई," कोणीतरी म्हणालं.

ऊन उतरल्यावर तिनं कुंपणातून दुसरा मेंढा ओढून आणला, गुडघ्याखाली दाबला आणि गळा चिरला. नोरीननं मागचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. न्याहारी साडेसहाला, शेडची पहिली घंटा साडेसातला.