भोंग्याचा घसा

पाण्याच्या टाकीच्या वळणावर भावोजी अकराव्यांदा खाकरले, तेव्हा मी हातातली बाटली त्यांच्यापुढे धरली. गेले बारा दिवस आमचं हेच चाललंय. घसा खाकरावासा वाटला की खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा, असं कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. हे आधी दणकून खाकरतात, मग घोट घेतात आणि वर मलाच सुनावतात, "घेतला ना घोट!"

साडेसहाला जेवायचं, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, रमतगमत चालायचं, हीसुद्धा बाईंचीच आज्ञा. माझ्या नवऱ्याचे गुडघे कुरकुरतात, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाला फिरवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चालताना मी मनात देवाचं नाव घेत असते. ह्यांच्या खाकरण्याने देवही दचकत असेल.

भावोजी बस डेपोत निवेदक आहेत. 'फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटत आहे' हा आवाज एकतीस वर्षं त्यांचा. ड्रायव्हर लोक त्यांना भोंगा म्हणतात आणि ह्यांना तो किताब वाटतो. एकोणिसाव्या वर्षी तिथे गाड्या धुवायला लागले. एकदा जुने निवेदक वेळेवर आले नाहीत, ह्यांनी ओल्या हाताने माइक धरला, देवाच्या दयेने शॉक लागला नाही, आणि मग तो सोडलाच नाही. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. बायको मधे बोलली असती तर ह्यांना सोसलं नसतं.

त्या जुन्या निवेदकांना भावोजी उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी माइक सोपवतानाच शिष्याला तीन नियम दिले. ड्यूटीवर जिभेखाली सतत पेपरमिंटची गोळी ठेवायची. उठल्याउठल्या उपाशीपोटी लिंबू पिळलेलं कढत पाणी प्यायचं. आणि जेवण झालं की वीस मिनिटं बाकावर सपाट पडायचं, म्हणजे 'श्वास खाली बसतो'. उस्ताद स्वतः पन्नाशीतच फुटक्या भांड्यासारखे वाजायला लागले होते, पण त्यावरून शिष्याच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. एकतीस वर्षं तिन्ही नियम पाळले. इतक्या नेमाने कोणी देवाचं केलं असतं तर देव स्वतः माइकवर येऊन बोलला असता.

सात महिन्यांपूर्वी आवाज बसायला लागला. सकाळी घोगरा, दुपारी जरा बरा, संध्याकाळी पुन्हा चिरका. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, गिळलं तरी जायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. नाही! डेपोत गाड्या दुरुस्त करणारे दोन आणि घसा दुरुस्त करणारे वीस. एकाने गुळण्या सांगितल्या, दुसऱ्याने नाकातले थेंब दिले. ते थेंब महाशयांनी चार महिने ओतले, तर नाक उघडायच्याऐवजी पार बंद. तिसरा म्हणाला, कानातला मळ घशात उतरतो. लागले लॉकरच्या किल्लीने कान कोरायला. कान सुजला, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढले.

बाईंनी नाकातून बारीक नळी घालून आतलं पडद्यावर दाखवलं. आवाजाची जागा लालभडक, सुजलेली.

"पोटातलं आम्ल वर येतंय," बाई म्हणाल्या.

"शक्य नाही," भावोजी म्हणाले. "छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही. पोटाचा काय संबंध? मी घशाचा माणूस आहे."

"पुष्कळांना जळजळ होतच नाही. गुपचूप वर येतं. पोटाला आम्लाची सवय असते, घशाला नसते. थोडंसं आलं तरी सूज येते. खाता काय, झोपता कसे?"

मग उस्तादांचे तीन नियम ह्यांनी छाती काढून सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पेपरमिंटने पोटाच्या तोंडाची पकड सैल पडते. लिंबू आंबट. आणि जेवून सपाट पडलं की सगळं सरळ घशाकडे. तुमचा दुष्मन असता तरी त्याने ह्याहून बरा सल्ला दिला असता." मग माझ्याकडे वळल्या. "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला की दाखवायचं असतं. ह्यांनी सात महिने काढले. नशीब, गाठबीठ नाही."

गोळ्या दिल्या. थेंब बंद, किल्ली बंद. कान आपला आपण साफ होतो, त्यात काही घालायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही घशावर ताण येतो. बोलायचं तर हळू आणि साधं. चार उश्या घेऊन पोट दुमडायचं नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावायच्या. आम्ही लावल्या. पहिल्या दिवशी भावोजी म्हणाले, "वहिनी, घसरगुंडीवर झोपवलंत की." मी म्हटलं, "घसरा. खाली आम्ही आहोत."

हे सगळं ठीक. पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील, असं बाई म्हणाल्या, आणि डेपोची चाचणी परवावर आली होती. कचेरीने यंत्र आणलंय. एकाच माणसाच्या आवाजात सगळ्या गाड्यांची नावं भरून घ्यायची आणि तोच आवाज पुढे लावायचा. उमेदवार दोन, भावोजी आणि चार वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. ज्याचा आवाज घेतील, निवेदकाची खुर्ची त्याची. दुसऱ्याची सामानघरात बदली.

तर आज टाकी ओलांडल्यावर ह्यांनी हळूच सांगितलं, एक ड्रायव्हर कुणाला तरी ओळखतो, तो इंजेक्शन देतो, दिवसभर आवाज घंटेसारखा.

"कोण आहे तो? डॉक्टर?"

"डॉक्टरसारखाच आहे."

"भावोजी, गुळणीवाला डॉक्टरसारखा, किल्लीवाला डॉक्टरसारखा, आणि जी खरी डॉक्टर, ती तेवढी तुम्हाला खोटी वाटते. सुजलेल्या घशावर जोर केला तर आवाज कायमचा जाईल असं म्हणाल्या ना त्या? देवाने एकच घसा दिलाय. डेपोच्या भांडारात सुटा भाग मिळतो का, विचारून ठेवा."

"तुम्हाला नाही कळायचं. खुर्ची गेली तर मी कोण?"

"आत्ता कोण आहात? भोंगाच ना? तोही फुटका."

जरा जास्तच बोलले. पण शब्द मागे घेतला नाही. सात महिने गोड बोलून पाहिलं होतं.

डेपोच्या फाटकाशी आलो. आत त्या मुलीची घोषणा चालली होती, स्वच्छ, घाई नाही. भावोजींनी कान टवकारले. "शेवटचं अक्षर खाल्लं," म्हणाले. मग तिथेच, थांब्यावर उभ्या चाळीस माणसांदेखत, छाती फुगवून दाखवायला गेले, "फलाट क्रमांक…" आणि आवाज मधेच तुटला. पुढचं नुसतंच वारं आलं. दोनचार जण वळले. बाकावरची एक म्हातारी जरा सरकली, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली, "बस रे बाबा, बस. घरचं कोणी आहे का बरोबर?"

एकतीस वर्षं ह्यांच्या आवाजावर त्या फाटकातून माणसं गाड्यांत चढली. त्यांतल्या कुणीही ओळखलं नाही.

भावोजी बसले नाहीत. बाटली मागून घेतली, घोट घेतला. बारा दिवसांत पहिल्यांदा, खाकरायच्या आधी. भिंतीजवळ जाऊन फाटकाकडे पाठ करून उभे राहिले. मग कुजबुजले नाहीत, ओरडले नाहीत, साध्या आवाजात म्हणाले,

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. साहेबांना अर्ज तुम्ही लिहा. तीन महिने सामानघरात बसतो म्हणावं, पण माझी चाचणी त्यानंतर घ्या. बाईंची चिठ्ठी जोडा. फक्त एवढं करा, पोटाचं नाव काढू नका. घशाचा विकार लिहा. एकतीस वर्षांचा निवेदक पोटाने बसवला, असं डेपोत कळायला नको."