अन्सारभाईनं भरलेला व्हिडिओ

वलगावच्या बसस्टॉपसमोर अन्सारचं मोबाइलचं दुकान आहे. दुकान कसलं, खोकाच तो. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं उन्हात उभं राहावं. मोबाइल दुरुस्तीपेक्षा लोक तिथं यायचे ते मोबाइलचं मेमरी कार्ड 'भरून' घ्यायला. कोणाला भजनं, कोणाला भीमगीतं, कोणाला कव्वाल्या. कोणाला काय आवडतं हे अन्सारला तोंडपाठ. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. भरायचा ते स्वतः कधी बघायचा नाही. जिलेबी तळणारा जिलेबी कुठं खातो?

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या पुढच्या साली शाळेत गोवर-रुबेलाच्या लसीची सुई आली. त्याच सुमारास नेटवर एक व्हिडिओ जोरात चालला होता. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता, ही सुई टोचली की पोरींना पुढं मूल होत नाही. नवा आहे, लोक मागतात, म्हणून अन्सारनं तो सगळ्यांच्या कार्डात घातला. आठ दिवसांत गावभर झाला आणि शाळेतली रांग आटली.

गावच्या आशा सेविका दीपमालाताई दुकानावर आल्या. "अन्सारभाऊ, त्या व्हिडिओतला मानूस डॉक्टर नाही न काही नाही. काहून भरला तुमी?"

तेव्हा कुठं अन्सारनं तो पहिल्यांदा पुरता पाहिला. त्याची बहीण गजाला, दर्यापूरला दिलेली, लहानपणी गोवरात तिचा एक डोळा गेला होता. गोवर म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडं तक्रार टाकली. चार दिवसांनी तो नेटवरून गेला. अन्सारला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला. कंपनीनं नेटवरून काढला, गावातल्या कार्डातून कोण काढणार? उलट लोक म्हणायला लागले, खरं होतं म्हणूनच दाबलं. नातीला शाळेतून घरी घेऊन चाललेली इंदूबाई तर तोंडावरच बोलली, "बियाण्याच्या पाकिटावरबी अळी लागत नाही असंच लिवलं होतं, बापू. आता लिवलेल्यावर कोण इस्वास ठेवते?" बाई चुकीचं बोलत नव्हती.

आणि घरी? घरी बायको हमिदा आपल्या लेकीला, निखतला, सुई द्यायला तयार नव्हती. तिच्याही मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अन्सारनंच भरलेला. त्यानं लसीबद्दल पेपरात आलेलं दाखवलं, दीपमालाताईंना घरी आणलं, गजालाचा डोळा आठवून दिला. हमिदा भाजी निवडत बसली, मान वर केली नाही.

दुसरा दिवस शाळेतल्या सुईचा शेवटचा होता. त्या दिवशी अन्सारनं दुकान उघडलं नाही. सकाळपासून दारोदार फिरला. प्रत्येक घरी एकच बोलणं, "मी न पाहता भरला. चूक माही आहे. द्या मोबाइल, काढून देतो." कोणी हसलं, कोणी दार लोटलं. इंदूबाईनं मात्र दार लोटलं नाही. "बियाणंवाला एकबी आला नाही असं सांगाले," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्या हातात ठेवला.

दुपारी तो घरी आला. ही सारी खबर त्याच्याआधी पोचली होती. हमिदा दारात उभी होती.

"सबको बोले," ती म्हणाली. "मेरेको कब बोलते?"

खरंच की. आठ दिवस अन्सार तिला समजावत होता, पण चुकलो हा एक शब्द बायकोपुढं तोंडातून निघाला नव्हता. नवरेपणा आडवा येतो, दुसरं काय.

"गलती मेरी थी," तो म्हणाला.

हमिदानं आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. मग सुईच्या भीतीनं घरीच ठेवलेल्या निखतला हाक मारली, तिची वेणी घातली आणि शाळा सुटायच्या आत तिघं रांगेत जाऊन उभी राहिली. पुढं इंदूबाई होती, नातीचा हात घट्ट धरून.