साहुलीचे हात

"वरून हात नेऊ नका. समोरून न्या, खालून न्या. त्याला स्वतःहून चढू द्या."

माझी बायको साहुली हे दिवसभर घसा फोडून सांगत असते, आणि ऐकणारं कुणी नसतं. हमरस्त्यालगतच्या जाळीच्या बागेत ती रंग बदलणारे घोयरे सरडे सांभाळते. त्याच बागेच्या फाटकाशी मी केळीच्या पानात उकडलेला शेंगदाण्याचा गोड कोबा विकतो. त्यामुळे तिचा वैताग मला घरीही ऐकावा लागतो आणि दारीही.

राजधानीतून गाड्या भरभरून माणसं येतात. सगळ्यांना घोयरा हातावर हवा, फोटो हवा, आणि तोही लगेच. आल्या आल्या वरून झडप घालतात. त्या मुक्या जिवाला वरून येणारं काहीही म्हणजे ससाणाच. तो फुगतो, काळा पडतो, फिसकारतो, तोंड वासतो. इतकं स्पष्ट सांगूनही बाईसाहेब म्हणतात, "अय्या, हसतोय बघा!" मग चावा बसतो आणि बोंब साहुलीच्या नावाने. दुसरा कुणी त्याला फांदीवरून ओढून काढायला जातो. पाय फांदीला चिमट्यासारखे आवळलेले असतात. ओढलं की त्याचं नख मोडतं, नाहीतर तुमचं कातडं सोलतं. साहुली बारा महिने पूर्ण बाह्यांचा सदरा घालते, तरी कोपरापर्यंत ओरखडे आहेतच. ते तिच्या चुकीमुळे नाहीत, लोकांच्या हातून घोयरे सोडवतानाचे आहेत.

बाहेर हा ताप, आणि माहेरी त्याहून मोठा. तिच्या घराण्यात घोयऱ्याला शिवणं निषिद्ध आहे. त्याच्याकडे बोट दाखवायचं तेही वाकवून, पेर पुढे करून. सरळ बोट रोखलं तर त्याचा अपमान होतो आणि भोगावं आपल्याला लागतं. इतपत आम्ही सगळेच पाळतो. पण साहुलीचं पोटच या कामावर, म्हणून माहेरी तिच्या हातचं ताट कुणी घेत नाही. चटईसुद्धा वेगळी. हे ती हसून सोडून द्यायची. या थंडीत मात्र गोष्ट तिच्या बाबांवर आली.

आमच्याकडे काही वर्षांनी मेलेल्यांना थडग्याबाहेर काढून नवं रेशमी वस्त्र गुंडाळतात; यंदा बाबांची पाळी होती. त्या वेळी खांद्यावर घेऊन नाचवताना डोक्याची बाजू पोटच्या लेकराने धरायची, ही त्यांच्या घरची रीत. लेकरं दोनच, साहुली आणि तिचा थोरला भाऊ लांतु. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना न्हाऊ-माखू घातलं ते हिने. लांतु शेवटच्या आठवड्यात उगवला, तोही नवा कोट घालून. साहुलीला एकच हवं होतं, बाबांना एकदा पुन्हा उचलायचं. थडगं काही दरवर्षी उघडत नाही. पुढच्या खेपेला कदाचित आम्हीच आत असू.

मुहूर्त पाहणाऱ्याने दिवस काढून दिला आणि तो सांगायला लांतु बागेत आला. तोच कोट होता.

"काय दाजी, धंदा जोरात?" मला म्हणाला.

"माशा भरपूर येतात," मी म्हटलं आणि त्याच्या मागोमाग आत गेलो. हा माणूस बायकोशी एकटा बोलला की घरी येऊन मलाच निस्तरावं लागतं.

साहुली एका मोठ्या नराच्या फांदीशी उभी होती. शेजारच्या जाळीत दुसरा नर दिसल्यामुळे तो सकाळपासून काळाठिक्कर पडला होता. ती त्याला हात लावत नव्हती, नुसती मध्ये कापड बांधत होती.

"सगळ्यांना घेऊन ये," लांतु म्हणाला. "भात शिजव, नाच, रड, काय हवं ते कर. फक्त बाबांना हात लावायचा नाही."

"साबणाने धुते रे मी, दादा. दर वेळी धुते."

"पूर्वजांना साबण कळतो होय? आत्यांनीही हेच सांगितलंय."

"आणि बाबांचं गू-मूत काढलं तेव्हा हे हात चालले?"

"तेव्हा तू या कामाला लागली नव्हतीस. सोड ना मग हे! सोड, आणि ये बाबांना उचलायला."

"आणि खायचं काय? तुझा कोट?"

लांतुचं डोकं सटकलं. "मग हाच का तो," तो ओरडला, "तुला बाबांपेक्षा जास्त झालेला?"

आणि त्याने बोट दाखवलं. रागातही रीत सुटली नाही, बोट नीट वाकवलं आणि पेर पुढे केलं. पण वाकवलेलं बोट आखूड पडतं, म्हणून सगळा हातच पुढे गेला, थेट वरून, त्याच्या तोंडापाशी.

नराने पेर पकडलं.

माझा मेहुणा असा किंचाळला की बाहेरची कोंबडी पळाली. त्याने हात झटकायला उचलला. जमिनीवर आपटला असता तर घोयरा मेला असता, आणि घोयरा मारण्यापेक्षा वाईट आमच्याकडे काही नाही.

"झटकू नको!" साहुलीने त्याचं मनगट घट्ट धरलं. "ओढूही नको, बोट फाटेल. उभा राहा गप्प. रड हवं तर, पण हलू नको."

तिने दुसरा तळवा घोयऱ्याच्या पोटाखाली दिला आणि सगळा लवाजमा सावकाश फांदीकडे नेला. पायांना फांदी सापडली. थोड्या वेळाने त्याने आपणहून तोंड उघडलं. मग तिने भावाचं बोट नळाखाली धरून साबणाने धुतलं, लहान पोराचं धुवावं तसं.

लांतु पांढराफटक पडला होता. रक्त फारसं नव्हतं. त्याला धक्का वेगळाच बसला होता.

"मी नाही त्याला शिवलो," तो म्हणाला. "तो मला शिवला."

मला हसू आवरेना. "वा! मग आम्हालाही तोच न्याय लावा की. घोयरेच साहुलीला शिवतात."

"दाजी, तोंड आवरा. साहुली, घरी बोलू नकोस काही. माझी शपथ आहे तुला."

तिने नळ बंद केला. त्या दिवसापासून मीच बोलत होतो. आत्यांसमोर एक वाक्य टाक, म्हटलं. एक तर दोघांना उचलू देतील, नाहीतर दोघांना बाद करतील. न्याय तरी होईल! ती भांडी घासत राहायची. मला इतका संताप यायचा की कोबा करपायचा.

तो दिवस आला. बासऱ्या, ढोल, चरबीत माखलेला भात, सगळं रीतसर. थडग्याचा दगड सरला आणि बाबा चटईवर बाहेर आले. लांतु डोक्याकडे जाऊन उभा राहिला. बोटाला पट्टी होती. साहुली बायकांच्या घोळक्यात, सगळ्यांत मागे.

"बोटाला काय झालं रे?" थोरल्या आत्याने विचारलं.

"विळा लागला," लांतु म्हणाला आणि त्याने नजर खाली घातली.

बस, मी पुढे सरसावलो. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून साहुलीने माझा दंड पकडला. चावा परवडला असता, अशी पकड.

"गप्प बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझा हात तर गेलाच. त्याचाही गेला, तर बाबांचं डोकं कोण धरणार? परके?"

ढोल वाढले. लांतुने बाबांना खांद्यावर घेतलं आणि माणसं नाचत आमच्या समोरून गेली. ती अगदी जवळून गेली. नव्या रेशमाचं टोक वाऱ्याने उडून साहुलीच्या दिशेने आलं, तशी ती पटकन एक पाऊल मागे सरली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.