चिनी मातीवरची हिरवट रेघ

मलाजखंडला तांब्याचा शोध चालू होता तेव्हा मी त्या कॅम्पावर नवा भूशास्त्रज्ञ होतो. विषय पक्का होता आणि तो लपवायची मला सवय नव्हती. मेसमध्ये सहा अधिकारी आणि पांढरे चिनी मातीचे सहा कप. सातवा मी. आमचं घर बौद्ध. हे स्वयंपाकी महाराजांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि माझा चहा ॲल्युमिनियमच्या पेल्यात येऊ लागला. बैहरच्या बाजारात कप ढिगानं मिळत, पण सातवा आणायचं कुणाला सुचलं नाही. मला घोटाघोटाला राग यायचा.

एके सकाळी ड्रिलमधून पांढऱ्या गारगोटीचा लांब तुकडा निघाला. त्यात शिशाच्या रंगाच्या चकचकीत पापड्या. बोटाला तेलकट लागत, नखानं निघत, कागदावर उमटत.

"ग्रॅफाइट. पेन्सिलीतलं," मोठे साहेब म्हणाले. "तसंच लिहा."

"मॉलिब्डेनाइट आहे," मी म्हणालो.

मॉलिब्डेनम आणि गंधक यांचं हे दुर्मिळ खनिज. त्यातला धातू पोलादाला कणखर करतो. दिसायला मात्र ग्रॅफाइटचा सख्खा भाऊ, फक्त वजनाला दुप्पट. पण चिमूटभर पापड्या तोलणार कशा? फरक हमखास कळतो तो गुळगुळीत चिनी मातीवर. ग्रॅफाइटची रेघ करडी येते, याची हिरवट. आमच्या पेटीतली तपासणीची फरशी खरबरीत होती, तिचा इथे उपयोग नव्हता.

मी मेसमध्ये गेलो आणि ट्रेमधला एक कप उचलला.

"साहेब, तो काहून घेता?" महाराज दचकलेच.

"दगड तपासाले."

कपावर पेन्सिलीची एक रेघ ओढली, शेजारी पापडीची. मोठे साहेब कप घेऊन उन्हात गेले, बराच वेळ फिरवून पाहत राहिले. "हिरवट आहे बुवा. तुमचंच खरं," म्हणाले आणि नोंद बदलायला लावली. मला मनापासून आनंद झाला, आणि तेवढ्यावर थांबायची माझी तयारी नव्हती.

चहाच्या वेळी मी तो कप स्वच्छ धुऊन टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"महाराज, माझा चहा यातच ओता."

महाराजांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नोंदवही पुढे ओढली.

"पण साहेब, मंग एक कप कमी पडंल न."

"हौ, पडंल," मी म्हणालो. "पेला कोणाले द्याचा, ते तुमी ठरवा."

चहा कपातच आला. मी पहिला घोट घेतला तेव्हा बाकी सगळे त्या पेल्याकडे बघत होते.