सौ. ताईस

कोऱ्या पोस्टकार्डाचा रंग नेमका कोणता, हे मला आजही सांगता येत नाही… पातळ तूप थिजू लागलं की वाटीच्या कडेला जो फिकट, मातकट पिवळा उमटतो, तसा काहीसा. श्रावण सरत आला होता. वर्गाच्या खिडकीतून खालच्या उदबत्तीच्या दुकानातला चंदनी वास वर येत होता, आणि आमच्या बाई एकेका मुलीच्या ओंजळीत एकेक कार्ड ठेवत बाकांमधून फिरत होत्या – देवळात प्रसाद वाटावा तशा. “आधी वहीत, मग कार्डावर,” त्या म्हणाल्या. “चुकलं तर दुसरं मिळणार नाही. आणि खोटं पत्र लिहायचं नाही. ज्यांची आठवण येते त्यांनाच लिहा. आपण ते खरंच पोस्टात टाकणार आहोत.”

चौथीच्या पहिल्या सत्रात आम्हाला पत्रलेखन होतं. आता पुण्यात त्याच सदाशिव पेठेतल्या एका शाळेत मी स्वतः चौथीला शिकवते, या सत्रात माझ्याही वर्गाला पत्रलेखन आहे. फळ्यावर उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख लिहिताना खडू बोटांत किंचित अडतो. मुलींना ते कळत नाही. कळावं असंही नाही.

माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी माझी एक बहीण होती. आम्ही तिला ताई म्हणत असू. ती माझी वेणी घालायची, माझ्या पाटीवर अक्षरं काढून द्यायची, आणि कॉलेजातून आली की तिच्या ओढणीला पुस्तकांचा नि मोगऱ्याचा असा मिसळलेला वास यायचा. मी तिसरीत असताना तिनं वाघोलीच्या एका शेतकरी घरातल्या मुलाशी, तिच्या वर्गातल्याच, लग्न केलं. जात वेगळी होती. अण्णा – आमचे वडील – त्या दिवशी एकच वाक्य बोलले: “या घरात आता एकच मुलगी आहे.” दुसऱ्या दिवशी दांडीवरची तिची ओढणी नाहीशी झाली, मग भिंतीवरचा फोटो, आणि हळूहळू तिचं नावही… आमच्या दोन खोल्यांत ते कुणी उच्चारेनासं झालं.

मी वहीत ‘ताईस’ असं लिहिलं आणि थांबले. मग उठून बाईंच्या टेबलापाशी गेले.

“बाई, ताईला सौ. लिहायचं का?”

“लग्न झालंय ना तिचं?”

“झालंय. पण आमच्या घरी नाही झालं.”

बाईंनी चष्मा काढला. “झालंय तर मग सौ. लिही,” त्या म्हणाल्या, “नीट, ठळक.”

पत्ता मला आईनं सांगितला, माझी वेणी घालता घालता. ताईचं नवं आडनाव आणि पुढं मुक्काम पोस्ट वाघोली, तालुका हवेली – एवढं माझ्या कानाशी ती एकदाच पुटपुटली. “खेड्यात पोस्टमन माणसं ओळखतो, पोचेल. अण्णांजवळ बोलायचं नाही.” तिनं तो पत्ता इतके दिवस कुठं जपला होता कोण जाणे, कागदावर तर नक्कीच नव्हता. मी शाळेपर्यंत तो पाढ्यासारखा घोकत गेले.

पत्रात मी काय लिहिलं? आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, मला भागाकार येतो, आई तुझी आवडती अळूची भाजी हल्ली करत नाही… आणि शेवटी, ‘तू कधी येणार ते कळव.’ बाईंनी त्यावर लाल पेन्सिल फिरवली नाही. दोन चुका होत्या, तरीही.

उत्तर येईल असं मला खरोखर वाटलं नव्हतं. पत्र पाठवणं म्हणजे धडा पूर्ण करणं, एवढंच मला ठाऊक होतं. पण गणपती विसर्जनानंतर एका दुपारी मी शाळेतून आले, तर अण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांच्या हातात तेच, तसल्याच रंगाचं कार्ड होतं. उघडं कार्ड; कुणीही वाचावं असं. त्यांनी ते वाचलेलं होतं.

“तू लिहिलं होतंस तिला?”

“शाळेत होतं, अण्णा.”

“वा. बरंच शिकवतात हल्ली शाळेत.”

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि आत गेले. फाडलं नाही – त्याच गोष्टीवर आईनं पुढचे कित्येक दिवस आशा धरली. ताईनं लिहिलं होतं की माझं अक्षर सुधारलंय, पिल्लांची नावं कळव. की ती आता मावशी करणार आहे मला, डॉक्टर मार्गशीर्ष म्हणतात. आणि मग, ओळ थोडी तिरकी होत गेलेली: ‘दिवाळीला चार दिवस आले तर चालेल का, अण्णांना विचार. ते हो म्हणाले तरच येईन.’

जेवताना मी विचारलं. आईचा वाढता हात वाटीवर तसाच राहिला. अण्णांनी भातात ताक कालवलं, नीट, सगळीकडे सारखं होईपर्यंत.

“बघू,” ते म्हणाले.

“अहो, दिवाळी जवळ आली,” आई आठवड्यानं म्हणाली.

“बघू म्हटलं ना.”

त्या ‘बघू’ला नकाराचा वास नव्हता, हे मी आज शपथेवर सांगेन. तो माणूस वळत होता, त्याच्या सवयीनं, सावकाश. एका सकाळी मी त्यांना आईला विचारताना ऐकलं, “तिला तिखट चालत असेल ना अशा दिवसांत?” आईनं त्या दिवशी भाजणी भाजायला घेतली… धणे-जिऱ्याचा तो खमंग, घसा खवखवणारा धूर सबंध घरभर. पण कार्ड काही कुणी लिहिलं नाही. मला तर सगळं येत होतं – मायना, मजकूर, पत्ता. ‘ये’ एवढंच तर लिहायचं होतं. मी अण्णांच्या होकाराची वाट पाहत राहिले, कारण ताईनं तसं लिहिलं होतं.

सहामाही परीक्षा चार दिवसांवर आली असताना एक तरुण आमच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. तो ताईचा धाकटा दीर होता.

“वहिनी गेल्या,” तो म्हणाला. “पहाटं. लई लवकर झालं सगळं, दवाखान्यात नेईस्तोवर…” मग अण्णांकडं बघत, घाईघाईनं, जणू आपण काही विसरत होतो अशा आवाजात, “बाळ हाय. मुलगी हाय.”

आई जमिनीवर बसली. अण्णांनी खुंटीवरची टोपी घातली, जिना उतरले, आणि ज्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही असं ते म्हणाले होते, त्या घरच्या मुलाच्या स्कूटरवर मागे, त्याच्या खांद्याला धरून बसले.

परीक्षेत पत्राचा प्रश्न होता. कुणाला, काय, ते मी वाचलंच नाही. ‘पत्र’ हा शब्द दिसला आणि पेन्सिल थांबली. बाई जवळ आल्या, प्रश्नपत्रिकेवर त्यांनी आपला हात पालथा ठेवला, आणि म्हणाल्या, “हा राहू दे. पुढचा घे.”

त्यानंतर अण्णा दर रविवारी बसनं वाघोलीला जात. नातीला मांडीवर घेऊन अंगणात बसत. जावयाशी पहिलं वाक्य बोलायला त्यांना दोन वर्षं लागली, पण चहा पहिल्या रविवारपासून घेतला. आईनं मात्र त्यांना कधी क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. ती त्यांना वेळेवर वाढायची, औषध द्यायची. ‘अहो’ म्हणून हाक मारणं तिनं सोडून दिलं होतं, हे ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

आता अण्णाही नाहीत. वाघोलीच्या त्या शेतावर उंच इमारती आहेत आणि त्यांपैकी एकीच्या नवव्या मजल्यावर माझी भाची राहते. परवा ती आली होती. निघताना चप्पल घालता घालता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, फोटो आहेत माझ्याकडे. पण आईचा आवाज कसा होता गं?”

“तुझ्यासारखाच,” मी म्हणाले. “अगदी तुझ्यासारखा.”

ती इतकी समाधानानं हसली… जिन्यावरून खाली जातानासुद्धा तिनं मला उगाचच एक हाक मारली.

तो आवाज मला आठवत नाही. कितीतरी वर्षं झाली, मला तो आठवत नाही.