वस्तीची ओळ

दुष्काळात आमच्या वस्तीच्या विहिरीत तळाला वाटीनं भरावं एवढंच पाणी झिरपायचं. आई कमरेला दोर बांधून आत उतरायची आणि मी वर दोर धरून उभा राहायचो. एकदा ती घसरली. तिचं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. टँकर यायचा, पण तो गावठाणातल्या आडात रिकामा व्हायचा. तिथं आमच्या घागरींची रांग सगळ्यात मागं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सहकारी कारखान्यानं धाराशिवच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला आणि आसपासच्या शिकलेल्या पोरांना शिकवायला एक सर नेमले. टँकरच्या पाळ्या आता मशीन ठरवणार, असं संचालकांनी जाहीर केलं. तो प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडं आणि गावठाणातल्या माझ्या मित्राकडं आलं. मला एकच हवं होतं, आईनं पुन्हा विहिरीत उतरू नये.

ऑब्जेक्टची पद्धत आम्हाला नवी होती. ‘टँकर’ नावाचा क्लास, म्हणजे टँकरचा आराखडा, लिहिला आणि पडदा चुकांनी भरून गेला. मित्र हबकला. “आयला, एवढ्या चुका तर दहावीच्या गणितातबी न्हवत्या!”

सर म्हणाले, “पहिली तेवढी दुरुस्त करा. आणि मशीन जिथं ओरडतं, त्याच्या एक ओळ वर बघा.”

वरच्या ओळीत, क्लासच्या शेवटच्या कंसानंतर, अर्धविराम राहिला होता. तो दिला आणि बाकीच्या बहुतेक चुका आपोआप गेल्या. मग टँकरमधलं पाणी आम्ही बाहेरून थेट बदलू पाहत होतो, ते मशीनला चालेना. “टाकीत हात घालताय व्हय? तोटी कशाला हाय?” सर म्हणाले. आम्ही पाणी सोडायचं फंक्शन लिहिलं. पुढची चूक मला सापडली. क्लास लिहिला होता, पण त्याचा एकही टँकर तयारच केला नव्हता. नुसत्या आराखड्याकडं पाणी मागत होतो.

शेवटी टँकर थांबायची ठिकाणं आली. मी प्रत्येक गावाचं एकच ठिकाण लिहिलं. वडील चळवळीच्या सभांमधून पत्रकं आणायचे, ती मोठ्यानं वाचतच मी अक्षरं शिकलो. गावापासून वस्ती वेगळी दाखवणं म्हणजे ती वेगळी ठेवणाऱ्यांचंच काम करणं, हे माझ्या रक्तात भिनलेलं.

“गाव एकच लिहायचं,” मी म्हणालो.

“लिही की,” मित्र म्हणाला. “मग टँकर आमच्याच आडावर थांबंल. तुझी माय विहिरीत, अन् तू पत्रक वाचीत बस.”

मी त्याच्यावर चिडलो. पण आईचं मनगट डोळ्यासमोर आलं आणि मी वस्तीचं वेगळं ठिकाण तयार करणारी ओळ लिहिली, मग पाळ्यांच्या ओळींत जिथं तिथं तिचं नाव घातलं. चूक एकही नाही. पाळीत आमची वस्ती पहिली आली, कारण आमच्याकडं पाणी सगळ्यात कमी होतं.

कारखान्याचे सचिव बघायला आले. त्यांनी आमची पाठ थोपटली, मग चष्मा वर करून विचारलं, “ही वस्ती वेगळी कशाला? तुमच्याच पत्रकांत असतं ना, गाव एक आहे म्हणून? काढा ती ओळ.”

माझंच वाक्य होतं ते.

“साहेब, राहू द्या की एवढी,” मित्र म्हणाला.

“तू गप. तुमच्याच आडात पाणी येतंय, तुला काय झालं?”

सरांनी मान खाली घालून ओळ काढली. प्रोग्राम पुन्हा चालवला आणि पडदा चुकांनी भरला.

“आता काय म्हणतंय ते?” सचिवांनी विचारलं.

“विचारतंय,” सर हळू म्हणाले, “की वस्ती कुठं गेली.”

“मग सगळीकडूनच काढा की.”

सर एकेक ओळ पुसत गेले. प्रत्येक वेळी मशीन उरलेल्या जागी पुन्हा तेच विचारायचं. त्या खोलीत तेवढं एक मशीनच विचारत होतं. शेवटचा उल्लेख गेला आणि तेही गप्प झालं. पडद्यावर आलं, चुका शून्य.

त्या आठवड्यात टँकर गावठाणात आला, मशीनच्या पाळीप्रमाणं. आईनं पदर खोचला, कमरेला दोर बांधला. “झालं का रं तुझं मशीन?” तिनं आत उतरता उतरता विचारलं.

“झालं,” मी म्हणालो, आणि दोर घट्ट धरला. खालून वाटी दगडावर खरडल्याचा आवाज येत राहिला.