रेषेवरची माणसे

मैदान म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. ते राखावे लागते. सक्करदऱ्यातील आमच्या वस्तीचे कबड्डीचे मैदान दर उन्हाळ्यात नव्याने तयार होई. तळ्याचे पाणी ओसरले की खेळणारी मुले काठचा गाळ आणत, चाळत, त्यात शेण कालवून अंथरत आणि पाणी शिंपडून रूळ फिरवीत.

राखण्याची दुसरी रीत कोणी ठरवलेली नव्हती. प्रेक्षक रेषेला लागून उभे राहत आणि वेगात बाहेर येणाऱ्या खेळाडूला अंगावर झेलत. पुढच्या रांगेत उभे राहणे हा मान होता, आणि कामही.

माझा धाकटा भाऊ चढाईत तरबेज होता. एका कापडगिरणीच्या संघात निवड झाली की तिथेच कायमची नोकरी मिळणार होती. वडिलांच्या पश्चात घर माझ्या एकटीच्या शिक्षकी पगारावर चालले होते. निवडीचा सामना आमच्याच मैदानावर ठरला.

त्याच वर्षी मैदानासाठी सरकारी अनुदान आले. मुलांना गाळासाठी बैलगाड्या आणि नवा रूळ हवा होता. नगरसेवक म्हणाले, "मातीले पैसा नाही भेटत गा. पाऊस आला का गेली वाहून. पक्कं काही बांधा, साहेबाले दाखवाले पाहिजे."

म्हणून प्रेक्षकांना बसायला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. जागा अरुंद, त्यामुळे खालची पायरी रेषेच्या अगदी जवळ आली. कोणालाच वावगे वाटले नाही. रेषेजवळ काहीतरी असतेच, हीच आमची सवय होती.

वस्तीतले म्हातारे दूधवाले भावाला म्हणाले, "तुले झेलू झेलू माह्या बरगड्या दुखल्या गा. आता मी बसून पाहतो."

"बसा ना बुढेबा," भाऊ हसला, "पण मी आलो का उठजा."

सामन्याला सारी वस्ती पायऱ्यांवर बसली. भावाने दोन गडी बाद केले, पकड चुकवण्यासाठी अंग फिरवले आणि त्याच वेगात तो रेषेबाहेर गेला. दूधवाले हात पुढे करून उठतच होते. भावाचा गुडघा पायरीच्या काठावर आपटला.

पुष्कळ उपचार केले, पण गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. गिरणीने दुसरा मुलगा घेतला. नगरसेवक भेटायला आले, चहा न घेता म्हणाले, "बांधकाम तं नियमानंच झालं, बाई." ते खरे होते. अनुदानाचे म्हणून ते पाडताही येत नव्हते.

पुढच्या हंगामात लोक पुन्हा उभे राहू लागले, पायऱ्यांपुढच्या चिंचोळ्या पट्टीत, खांद्याला खांदा लावून. त्यांच्या मागे, खालच्या पायरीवर एकटा माझा भाऊ बसे, पाय लांब करून. समोरच्या पाठींमुळे त्याला खेळ दिसत नसे. बाजूला व्हा, असे तो कोणाला कधी म्हणाला नाही.